मास्तरीणबाईंची बाजारातली इंग्रजी

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका बंदरात एक बाई राहत होती. तरुणपणी ती दीपगृहावरच्या गोऱ्या साहेबाची मुलं सांभाळायची. मुलांच्या मागे धावता धावता ती त्यांची इंग्रजी बोलायला शिकली. पुढे साहेब मुलाबाळांसह मायदेशी निघून गेला, पण भाषा बाईच्या जिभेवर राहिली. ती तिने आपल्या एकुलत्या एका लेकीला, तुळसाला, शिकवली.

तुळसाचं लग्न जहाजावरच्या एका सुताराशी झालं आणि दोघं दूर लवंगांच्या बेटावर राहायला गेली. सुरुवातीला खलाशांबरोबर लेकीचे निरोप यायचे. 'बरी आहे.' 'मुलगा झाला.' मग एकदम निरोप थांबले. वर्ष गेलं, दुसरं गेलं. बाई रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. जहाजातून उतरणाऱ्यांना विचारायची, "लवंगांच्या बेटावरची तुळसा ठाऊक आहे का?" कोणी मान हलवायचा, कोणी न ऐकताच पुढे जायचा. एवढ्या गर्दीत एकटी बाई किती जणांना गाठणार?

धक्क्याला लागूनच बाजार होता. तिथे टोपल्या विणणारी एक बाई बसायची, एक शहाळेवाला होता, मडकीवाले, चटईवाले होते. परदेशी गिऱ्हाईक आलं की त्यांची बोबडी वळायची. मग दलाल मध्ये घुसायचा, गिऱ्हाइकाकडून रुपया घ्यायचा आणि यांच्या हातावर चार आणे टेकवायचा.

एक दिवस टोपलीवाली बाईला म्हणाली, "बाई, तुम्हाला त्यांचं बोलणं येतं. आम्हाला भाव सांगण्यापुरतं तरी शिकवा की!"

बाईला घर खायला उठायचंच. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी बाजार भरण्याआधी धक्क्याच्या पायऱ्यांवर शाळा भरू लागली आणि बाईची मास्तरीणबाई झाली.

"हाऊ मच म्हणजे केवढ्याला," बाई सांगायची. सगळे एका सुरात म्हणायचे, "हाऊ मच!" मग आकडे. थर्टीन आणि थर्टी यांनी तर सगळ्यांना रडवलं. टोपलीवालीने तीस पैशांची टोपली थर्टीन म्हणून तेरा पैशांना देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत जास्त हसली ती टोपलीवालीच. "हसा हसा," ती म्हणाली, "पण गिऱ्हाइकाशी बोलले मी! मध्ये दलाल नव्हता!"

ही गोष्ट गावातल्या एका बड्या शेठच्या कानावर गेली. बंदरावरचे सगळे दलाल त्याचीच माणसं होती. एका संध्याकाळी तो धक्क्यावर आला आणि बाईशेजारी उभा राहिला.

"बाई, लेकीची वाट पाहता ना?"

बाईने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"माझं जहाज लवंगांच्या बेटाला निघालंय. तुम्हाला त्यात बसवतो. जाणं-येणं, खाणंपिणं, सगळं माझ्याकडे लागलं. फक्त ही पायऱ्यांवरची शाळा बंद करा. शिकवायचंच असेल तर जाईपर्यंत माझ्या माणसांना शिकवा. बाकी कोणाला एक अक्षर नको."

किती वर्षं ती या पाण्याकडे बघत होती! पाणी तेच होतं, पण आज पहिल्यांदाच त्याला पलीकडचा काठ असल्यासारखं वाटलं. काठावर तुळसा, तिच्या कडेवर न पाहिलेला नातू. "उद्या सांगते," ती कशीबशी म्हणाली. पण मनात तिचं उत्तर ठरलं होतं.

सकाळी ती पायऱ्यांवर आली ती 'आजपासून शाळा बंद' एवढंच सांगायला. सगळे आधीच येऊन बसले होते. बोलायचा धीर होईना, म्हणून ती म्हणाली, "आज एकच शब्द शिकू. गिऱ्हाइकाला वस्तू महाग वाटली की ते म्हणतं, टू डिअर. डिअर म्हणजे महाग."

शहाळेवाल्याने डोकं खाजवलं. "पण बाई, परवा ती मडम आपल्या पोराचे पापे घेत होती, तेव्हा त्यालाही डिअर म्हणत होती. पोरगं काय विकायला काढलं होतं?"

सगळे हसले. बाई हसली नाही. "तोच शब्द आहे," ती म्हणाली. "लाडक्या माणसालाही ते डिअरच म्हणतात."

"महागाला आणि लाडक्याला एकच शब्द?" टोपलीवाली म्हणाली. मग बाईच्या डोळ्यांकडे बघून तिने हळूच विचारलं, "बाई, तुमचं कोण गेलंय हो लांब? रोज धक्क्यावर उभ्या असता."

आजवर हे तिला इतक्या मायेने कोणी विचारलं नव्हतं. बाईने तुळसाचं सगळं सांगितलं. शेठचं बोलणंही सांगितलं.

मग टोपलीवाली म्हणाली, "जा तुम्ही बाई. लेकीपुढे आमच्या टोपल्यांचं काय! आम्ही काढत होतोच की दिवस."

तिने असं म्हणायला नको होतं. ती भांडली असती, तर बाई सुखाने निघून गेली असती. तिच्या मागे पायऱ्यांवर बसलेली ती सगळी तोंडं बाईने पाहिली. आता कुठे ती उघडायला लागली होती. ती पुन्हा बंद करून लेकीपुढे कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

शेठचं जहाज तिच्याशिवाय सुटलं. शीड दिसेनासं होईपर्यंत बाई बघत राहिली. त्या दिवशी तिला घास गिळवला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायऱ्यांवर होती.

शाळा चालत राहिली. दलाल कमी झाले. पण बाईला न सांगता तिच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक उद्योग सुरू केला होता. दुकानात एखादी वस्तू आहे का, हे विचारायला बाईने त्यांना 'हॅव यू एनी' असं शिकवलं होतं. त्यांना येत होती ती बाजारातलीच इंग्रजी. तेव्हा ते माल देता देता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "हॅव यू एनी तुळसा?" गिऱ्हाइकं चक्रावायची, हसायची. तरी हे विचारायचे. चटईवाला विचारायचा, मडकीवाला विचारायचा. बंदरात पाऊल ठेवणारा एकही माणूस त्या प्रश्नातून सुटत नसे.

आणि एका दुपारी शहाळं पिता पिता एक म्हातारी मडम थबकली. "तुळसा?" ती म्हणाली. "येस!"

शहाळेवाला कोयता टाकून धावत सुटला आणि बाईला हाताला धरून घेऊन आला. सगळा बाजार भोवती जमला. बाईने बोलायला तोंड उघडलं, तर साऱ्या बंदराला शिकवलेल्या भाषेतला एकही शब्द तिला आठवेना. मग टोपलीवालीच पुढे झाली. "तुळसा," ती मडमला म्हणाली, "हाऊ तुळसा?"

मडमला कळलं. ती सावकाश सांगू लागली. सुतार तापाने गेला. त्यानंतर लगेच तुळसाने लवंगांचं बेट सोडलं. आता ती मुलाला घेऊन दक्षिणेकडच्या दुसऱ्याच एका बेटावर राहते, तिथल्या बाजारात लोणची विकते. इकडे येणाऱ्या प्रत्येक जहाजाला सांगते, माझ्या आईला सांगा, मी आहे.

"पण इथे उतरल्यावर सांगायचं कोणाला?" मडम म्हणाली. "आमचं बोलणं पूर्वी या बाजारात दलालांनाच कळे, आणि ते भावाशिवाय दुसरं काही ऐकत नसत."

म्हणजे शेठच्या जहाजातून बाई गेली असती, तर जिथे तुळसा नव्हतीच, त्या बेटावर उतरली असती.

"पुन्हा सांगा," आता बाईला शब्द सापडले. "ती काय म्हणाली ते पुन्हा सांगा."

"मी आहे, असं म्हणाली."

बाईने ते परत परत वदवून घेतलं. मडम न कंटाळता सांगत राहिली. मडम त्या बेटावर परतणार होती; तिच्याबरोबरच बाईने उलटा निरोप धाडला: मीही आहे.

त्या संध्याकाळी बाई नेहमीसारखी धक्क्यावर गेली. समुद्र तेवढाच रुंद होता. लेक आजही पलीकडेच होती, आणि यायला किती वर्षं लागतील कोणास ठाऊक. बाईचं वाट पाहणं संपलं नाही. पण आता पलीकडच्या काठावरही कोणीतरी आपली वाट पाहत उभं आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि या काठावरही ती एकटी उभी नव्हती. टोपलीवाली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

तात्पर्य एवढंच: आपल्याला येतं ते चारचौघांना मोकळेपणाने शिकवावं; मग आपल्या मनातला प्रश्न आपल्याला एकट्यालाच विचारत बसावं लागत नाही.