गोणपाटावरची माती

एकदा मातीच्या एका वृद्ध जाणकाराने आयुष्यभर शिकवलेली रीत स्वतःच्याच हाताने उधळून लावली. त्याची ही गोष्ट.

गुरुजींची चाळीस वर्षे प्रयोगशाळेत माती तपासण्यात गेली होती. त्यांचा शिष्य प्रल्हाद मात्र हातात मावणारे यंत्र घेऊन फिरे. हे यंत्र मातीवर प्रकाश पाडते, परतलेला प्रकाश वाचते आणि मिनिटभरात चुनखडी किती, सेंद्रिय अंश किती, ते सांगते. पूर्वी याच उत्तरासाठी महिना जाई आणि खर्च होई तो वेगळाच.

द्वारकाबाईंच्या बांधावर मोसंबीची तीनशे रोपे येऊन पडली होती. लावायची की परत धाडायची, हे त्याच दिवशी ठरायचे होते. प्रल्हादाने शिकल्याप्रमाणे वीस ठिकाणची माती काढली, गोणपाटावर ओतून कालवली आणि त्या ढिगावर यंत्र धरले.

"चुनखडी जास्त आहे, मावशी. झाडं पिवळी पडतील. रोपं परत पाठवा."

बाईंचे डोळे भरून आले. "आरं, दोन वर्षं झाली, या बागेसाठीच पाणी राखायले मी!"

सोबत आलेले गुरुजी बांधावर बसून हे बघत होते. ते उठले, गोणपाटाचे टोक धरले आणि सगळा ढीग बांधाखाली भिरकावून दिला.

"अहो गुरुजी! तुम्हीच तर शिकवलंत कालवायला!"

"शिकवलं खरं. आता पुन्हा वीस ठिकाणी जा, आणि प्रत्येक जागी वेगळं बघ."

प्रल्हाद धुसफुसतच गेला. तासाभराने परतला तो जवळजवळ पळतच. पंधरा ठिकाणी चुनखडी बेताची होती. विहिरीलगतच्या पाच ठिकाणी मात्र भरमसाट.

"अगं बाई! विहीर खांदली तवा निघालेला पांढरा चुनखडीचा मुरूम मामंजींनी तिथंच पसरला होता की!" द्वारकाबाई म्हणाल्या.

गुरुजी हसले. "प्रल्हादा, एकाच तपासणीची ऐपत असायची, म्हणून आम्ही वीस जागांचं एकच उत्तर घ्यायचो. ती आमची अडचण होती. तू तिलाच शास्त्र समजून बसलास, आणि त्यात चूक माझी. मी तुला कारण कधी सांगितलंच नाही. आता विचारणं स्वस्त झालंय, तर प्रत्येक जागेला विचार."

द्वारकाबाईंनी विहिरीकडची पट्टी तुरीला सोडली आणि पदर खोचला. उरलेल्या रानात मोसंबीचा पहिला खड्डा प्रल्हादाने घेतला.

नवे साधन हाती आले, की आपल्या कोणत्या सवयी केवळ नाइलाजाने जडल्या होत्या, हेही एकदा तपासून घ्यावे.