गुळगुळीत पाठी

त्या मुलुखात साळिंदरांची वस्ती टेकडीच्या अलीकडे होती आणि त्यांचं पोट टेकडीच्या पलीकडे. पलीकडच्या नगरात सगळेच गुळगुळीत पाठीचे. तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की अंगाला अंग घासल्याशिवाय चालता येत नसे. म्हणून वेशीवर बसलेलं पाणमांजर आत जाणाऱ्या प्रत्येक साळिंदराचा रोज एक काटा उपटून घेई. अगदी अदबीने. ज्याचे काटे कमी, त्याला आणखी आतल्या गल्लीत काम मिळे.

केरबा कित्येक वर्षं रोज जात होता. सुरुवातीला संध्याकाळी तो टेकडी उतरू लागला की त्याचे काटे खुळखुळत. तो आवाज ऐकून त्याची बायको बायडा कंद भाजायला ठेवी आणि लेक चंद्री बिळाच्या तोंडाशी धावत जाई. हळूहळू आवाज विरळ झाला. मग एके दिवशी बायडा सहज वळली, तर केरबा मागे उभा.

"अगं बाई! कधी आलात?"

"मघाशीच. तू कंद सोलत होतीस, ते बघत होतो."

वस्तीत त्याचा मान वाढला. वरच्या अंगाला, कोरडं, ऐसपैस बीळ मिळालं. शेजारणी बायडाला नशीबवान म्हणू लागल्या. निजताना मात्र केरबा लांब सरके. "तुझे टोचतात," एवढंच म्हणे, रागाने नव्हे.

पुढे चंद्रीचा विषय निघाला.

"कोवळे असतानाच काढून घेऊ तिचे," केरबा म्हणाला. "खूणही राहत नाही. पोरगी थेट आतल्या गल्लीत जाईल."

"दुखेल तिला."

"मला कुठे आठवतंय दुखलेलं?"

बायडाने तीन दिवस तो विषय टाळला. चौथ्या दिवशी तिने होकार दिला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रीला न्यायचं ठरलं.

त्या संध्याकाळी तो आला आणि मुकाट्याने आपल्या जागेवर बसला. बायडाने वाढलं. त्याचं अर्धं जेवण झालं असेल, तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी सावली पडली. आणखी एक केरबा आत आला. पाय झटकले. बसलेल्याकडे पाहून थबकला.

बायडाने दोघांना निरखलं. तीच पाठ, तेच शिणलेले डोळे, अंग चोरून घेण्याची तीच सवय. मग तिने, आपल्या माणसाला साद घालावी तसे, स्वतःचे काटे जोरात खुळखुळवले. दोघांनीही कान टवकारले. उत्तर द्यायला कुणाच्याच पाठीवर काही नव्हतं.

"अहो," तिने विचारलं, "तुमच्यातले आमचे कोण?"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. रागावलं कुणीच नाही. काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे दिसत होते. बसलेल्याने एकदा बाहेरच्या वाटेकडेही पाहिलं, आपलं बीळ पुढे कुठे होतं की काय, अशा नजरेने.

"आबा?" चंद्रीने हळूच विचारलं.

"उद्या लवकर निघायचंय," दोघं एकदम म्हणाले.

बायडाने लेकीला पोटाशी ओढलं. पोरीचे कोवळे काटे तिच्या अंगात रुतले, तरी तिने मिठी सैल केली नाही.

उभा होता तो बसलेल्याच्या शेजारी टेकला. मग नगरातल्या गर्दीत करतात तसे, एकमेकांकडे न बघता, दोघंही थोडे थोडे सरकले आणि त्यांच्यामध्ये चंद्रीपुरती जागा झाली.