पाण्याचे चार थेंब

नाशिकच्या क्लबात बर्बन व्हिस्की चाखण्याची स्पर्धा अगदी रंगात आली होती. अंतिम फेरीतली व्हिस्की एवढी कडक, की नुसत्या वासानं नाकाला झिणझिण्या याव्यात! गंध खुलावा म्हणून रेवती चौबळनं ग्लासात पाण्याचे चार थेंब टाकले, तोच मुख्य परीक्षक जाचकसाहेब कडाडले, "पाणी? एवढ्या उंची दारूत? पाणी घालणाऱ्या अडाण्यांना इथं जागा नाही. तुम्ही बाद!"

रेवतीची नजर गेली साहेबांच्या ग्लासाकडे. त्यात बर्फाचे दोन मोठे खडे ऐटीत किणकिणत होते.

"जाते की, साहेब," ती हसून म्हणाली. "फक्त तुमचा बर्फ वितळेपर्यंत थांबते. मग दोघंही बरोबरच बाहेर पडू."