कातळाईच्या माळावरचा काळा तवा

देवळामागं तीन धोंड्यांवर ठेवलेला हा तवा पाहा. माणूस आडवा झोपला तर मावेल एवढा. पाहा म्हटलं, हात लावा नाही म्हटलं. आणि काळा आहे म्हणून नाक मुरडू नका. ती घाण नव्हे, तेल पिऊन पिऊन लोखंडानं धरलेली कातडी आहे. शहरातली शहाणी माणसं येतात आणि विचारतात, "कुणी घासत नाही का हो?" घासला होता एकदा, तेच तर सांगतोय.

फार मागं, असं सांगतात, या नऊ गावांत गुरांवर बुळकांडी आली आणि गोठेच्या गोठे रिकामे झाले. तेव्हा सगुणा लोहारणीनं कातळाईला नवस केला. रोग हटू दे, जत्रेला येईल त्या प्रत्येकाला एकाच तव्यावरची धिरडी खाऊ घालीन. एक जीव जरी माळावरून उपाशी उतरला, तर राखलेली गुरं परत ने. रोग हटला. सगुणानं नवऱ्याकडून हा तवा घडवून घेतला. महिनाभर रोज मंद आचेवर तापवायचा, चिंधीनं तेलाचा पातळ हात फिरवायचा, धूर निघेपर्यंत थांबायचं. असा काळा केला तिनं तो.

जत्रेच्या आदल्या दिवशी तवा माळावर आला आणि गोजराबाई पाटलिणीच्या नजरेस पडला. बाईच्या घरी पितळेची भांडी तोंड दिसेल अशी लखलखीत, आणि बाईला तेवढंच कळत होतं. देवीच्या दारात असलं काळं? तिनं तीन बायका बसवून चिंच, राख आणि वाळूनं तवा पांढराफेक करून घेतला. वर मिरवली म्हणे, "बघा, कसा दिसतोय!"

सकाळी सगुणानं तो पाहिला आणि ती तडक पाटलिणीपुढं जाऊन उभी राहिली. माळ माणसांनी भरत आला होता.

"पाटलीणबाई, हे पितळ नाही. याची कातडी सोलून काढलीत तुम्ही."

"लोहाराच्या बाईनं मला स्वैपाक शिकवायचा? सर बाजूला!"

पाटलिणीनं स्वतःच पळी घेतली. आधी हा एवढा जाळ केला. वाऱ्यानं जाळ एकीकडं पळाला, तवा तिकडं लाल आणि इकडं गार. मग पळीपळीनं तेल ओतलं, तुम्ही बाटलीनं ओतता तसं. धिरडी एकमेकांना खेटून घातली आणि बुड धरायच्या आतच उलथनं खुपसलं. एक सुटेल तर शपथ. करपलेल्या, कच्च्या चिंध्यांचा ढीग झाला. नऊ गावांनी तो डोळ्यांनी बघितला. मग बाई लिंबाखाली जाऊन पदर ओढून बसली. डोळ्यात धूर गेला म्हणे!

सगुणाला हसायचीही सोय नव्हती, नवस तिचा होता. तिनं जाळ ओढून निखारे पसरले आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांचा आडोसा केला. तवा गरम असतानाच खरवडला. काठीला अर्धा कांदा खोचून तेलाचा पातळ हात फिरवला, धूर निघू दिला, पुन्हा फिरवला. दुपार झाली. पोरं रडायला लागली, माणसं कुरकुरायला लागली, तरी तिनं पीठ घातलं नाही. शेवटी पाण्याचे थेंब टाकले. ते मण्यांसारखे नाचले, तेव्हा कुठं पहिली पळी पडली. दोन धिरड्यांत चार बोटं जागा सोडली. आपणहून सुटल्याशिवाय एकाला हात लावला नाही. झालेली कडेला, जिथं आच कमी, तिथं सरकवली. ऊन उतरेपर्यंत माळ जेवला.

"कोण राहिलं?" सगुणानं हाक दिली.

लिंबाखालची राहिली होती. आणि पिठाचं भांडं कोरडं. गोजराबाई म्हणाली, "मला भूक नाही."

"सकाळपासून पाण्याचा घोटही नाही तुमच्या पोटात. नवस माझा आहे, पण उपाशी तुम्ही आहात. अशाच उतरलात तर गोठे पुन्हा रिकामे होतील."

माळावर उरला होता तो फक्त करपलेला ढीग. सगुणानं त्यातलं धिरडं पानावर घालून पुढं केलं. पाटलिणीनं नवऱ्याकडं पाहिलं, तर तो जमिनीकडं बघत उभा. सगळ्यांसमोर, उभ्यानं, तिला ते खावं लागलं.

"मीठ बरोबर आहे बघा," सगुणा म्हणाली. "पीठ मी कालवलं होतं."

आजही जत्रेचं पहिलं धिरडं, फाटलेलं, करपलेलं, जसं निघेल तसं, पाटलांच्या घरचं माणूस उभ्यानं खातं. गेल्या साली नातू परदेशातून आला होता. त्यानं एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं हळूच रुमालात गुंडाळायला लागला. म्हातारे पाटील त्याच्या कानाशी वाकले.

"सगळं संपव. गोठ्यात बारा जनावरं आहेत आपली."