सुनेमी सुताराची वीत

फार पूर्वी मिथिलेत सुतनू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व सुताराच्या घरी जन्मला. त्याचे नाव सुनेमी. धाकटा भाऊ सोणक आणि तो मिळून गाड्यांची चाके करीत.

सुनेमीची एक रीत होती. नुसते चाक तो कुणाला विकत नसे. गाडी बैलांसकट अंगणात आणायला लावी, स्वतः दोन फेऱ्या मारी, चाक ज्यावर फिरते त्या आसाचा घेर आपल्या वितीने मोजी आणि मगच लाकडाला हात लावी. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बोलावून पाचर ठोकून देई. त्याचे वेगळे काही घेत नसे.

पुढे तक्षशिलेच्या तांड्याच्या एका दलालाने वेशीजवळ गादी घातली. माप सांगा, तयार चाक तांड्याबरोबर येईल, तेही निम्म्या किमतीत, असे तो सांगे. त्या गादीवर लोड होते, तक्के होते. हातोडी मात्र एकही नव्हती. माणसे तिकडे धावली. पण माप घ्यायला ती सुनेमीकडेच येत! कोणते लाकूड टिकते, आरे किती असावेत, सारे विचारून घेत, त्याचे ताक पीत आणि तोंड पुसून वेशीकडे जात. इतकी निर्लज्ज माणसे, आणि नगरात त्यांना शहाणी म्हणत.

"दादा, उद्यापासून कुणाला माप सांगायचं नाही," सोणक एकदा चिडून म्हणाला. "आपण काय धर्मशाळा काढलीय?"

"चुकीचं चाक घालून घाट उतरतील रे."

"उतरू देत. पडले की कळेल."

"पडल्यावर कळून काय उपयोग, सोणका?"

दुसऱ्याच दिवशी तिंदुक तेली आला. तो सुनेमीचा लहानपणचा सवंगडी. सुनेमीने त्याचा आस मोजला. "एक वीत, दोन बोटं. पण ही माझी वीत आहे, तिंदुका. तिकडच्या सुताराचा हात मोठा असला तर चाक सैल बसेल. ही दोरी घेऊन जा, एवढाच घेर दाखव."

"दलाल दोरी घेत नाही. आकडा सांगा म्हणतो," तिंदुक हसला. "आणि वीत ती वीत! तुझा हात काय देवानं वेगळा घडवलाय?"

महिन्याने चाके आली. ती सैल होती. तिंदुक वेशीवर गेला. दलाल तक्क्यावरून न उठता म्हणाला, "आम्ही फक्त आणून देतो. तक्रार असेल तर तक्षशिलेला कळवा."

सुनेमीकडे जायची तिंदुकाला लाज वाटली. त्याने आसावर चिंध्या गुंडाळल्या, तेलाचे बुधले लादले, म्हातारी आई वर बसवली आणि सकाळीच तो घाटाकडे निघाला. गाडी दारावरून गेली तेव्हा चाक डुगडुगताना सुनेमीने पाहिले. "तिंदुका, थांब!" तो ओरडला. तिंदुकाने ऐकून मान खाली घातली आणि बैल हाकले.

सुनेमी धावला. सोणकाने त्याचा दंड धरला. "जाऊ दे त्याला! तुझं ताक पिऊन गेला तो."

"गाडीत म्हातारी आहे," सुनेमी म्हणाला आणि हात सोडवून पळाला.

उतारावर चाक निसटले. गाडी दरीकडे कलंडली. सुनेमीने आसाखाली खांदा दिला. तेवढ्यात तिंदुकाने आईला ओढून काढले. मग गाडी सुनेमीवर कोसळली.

सोणक पोचला तेव्हा भावाचा श्वास थोडाच उरला होता. "म्हातारीला घरी न्यायचंय," सुनेमी म्हणाला. "गाडी नीट करून दे त्याला." एवढे बोलून त्याने प्राण सोडला.

दलालाच्या गादीवरून कुणीही आले नाही.

सोणकाने तिथेच, भावाच्या देहाशेजारी, चाक बसवले. डोळ्यांतले पाणी त्याने पुसलेही नाही. तिंदुक पाया पडू लागला तेव्हा सोणकाने पाय मागे घेतले.

"दादानं सांगितलं म्हणून केलं. मी तुला क्षमा केलेली नाही. बस गाडीवर."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा तिंदुक म्हणजे कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला हा गृहस्थ. त्याची आई आजही तीच आहे. सोणक म्हणजे आपला या जन्मीचा भाऊ गेल्यापासून अन्न न घेतलेला हा तरुण भिक्षू. सुनेमी मीच होतो. दलाल कोण, ते सांगत नाही. तो कुठल्याच जन्मी उठून आला नाही."

मग त्या तरुण भिक्षूकडे वळून ते म्हणाले, "राग गेला नसतानाही तू चाक बसवलेस. त्या दिवशी मैत्री पारमिता, म्हणजे सर्वांविषयी मैत्रीचे व्रत, आपण दोघांनी मिळून पाळली."