झिजलेला प्लग

घाटातल्या गावांत पेट्रोलवर चालणारी करवत नुकतीच आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. तशी एक करवत इनास सुताराकडे होती.

एका सकाळी वादळात रस्त्यावर झाड आडवं पडलं आणि एक जीप अडकली. जीपमध्ये दवाखान्यात निघालेली सगुणा बाळंतपणाच्या कळा सोसत होती. इनास करवत घेऊन धावत आला. त्यानं दोरी पुन्हा पुन्हा ओढली, पण करवत सुरू होईना.

"हे पेट्रोलच भेसळीचं!" करवत चिडून म्हणाली. इनासला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यालाही तीच शंका आली. त्यानं पेट्रोल बदललं, तरी काही उपयोग झाला नाही.

करवतीतला जुना स्पार्क प्लग मात्र गप्प होता. आपलं टोक झिजलंय, ठिणगी पडत नाही, हे त्याला कळत होतं. पण सांगितलं तर आपल्याला काढून टाकतील, अशी त्याला भीती होती. तेवढ्यात सगुणा जोरात कण्हली.

"ताई, पेट्रोलला बोल लावू नकोस," प्लग करवतीला म्हणाला. "दोष माझा आहे. माझ्यावरची टोपी पाड, म्हणजे इनासचं लक्ष जाईल."

"अरे, तुला काढतील!"

"काढू देत. त्या बाईला थांबता यायचं नाही."

करवतीनं अंग झटकलं आणि टोपी निसटली. ती लावायला इनास वाकला, तेव्हा त्याला प्लगची शंका आली. त्यानं पान्यानं जुना प्लग काढला, झिजलेलं टोक पाहून तो खिशात टाकला आणि पिशवीतला नवा बसवला. पहिल्याच ओढीला करवत गरजली. थोड्या वेळात रस्ता मोकळा झाला.

दुपारी सगुणाला मुलगी झाल्याचा निरोप आला. खिशातला प्लग स्वतःशीच म्हणाला, "आज एकही ठिणगी पाडली नाही, पण दिवस फार चांगला गेला."