द्रानेची मान

दूर अल्बानियात, ढग उशाला घेऊन निजणाऱ्या एका गावात द्राने नावाची विधवा होती, आणि प्रेंक हा तिचा एकुलता लेक. इटलीच्या फौजेनं देश घेतला, नावाला तिथलेच मंत्री बसवले. प्रेंक त्यांना कळसूत्री बाहुल्या म्हणाला, म्हणून त्याला कोंडलं.

फौजेचा अंमलदार गावासमोर म्हणाला, "म्हातारे, देश तुमचाच, रीतही तुमचीच. फक्त आमचा राजा मान्य कर. मान डोलाव, पोरगा घेऊन जा."

द्रानेनं धुक्याकडं बघत हळूच मान खाली-वर केली. प्रेंक सुटला, आणि सारं गाव खुदकन हसलं. तिथं मान खाली-वर केली की 'नाही' होतं ना!

हे कळताच अंमलदार कडाडला, "फसवलंस!"

"नाही हो साहेब. रीत आमचीच म्हणालात, मग मानही आमच्याच रीतीनं डोलली."

चारचौघांत दिलेला शब्द त्याला गिळता येईना. मायलेकरं घरी गेली. पुढं फौजही गेली, आणि द्रानेच्या अंगणात नातवंडं दुडदुडू लागली.